आत्याचा उपवास आणि सव्वीस प्रश्न

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझी भाची मानसशास्त्रात एम. ए. करते आहे. एका दुपारी ती फोंड्याला आमच्या घरी आली, पिशवीतून कागदांची चळत काढली आणि म्हणाली, "मावशी, तू मराठीत लिहितेस ना? मग एवढे सव्वीस प्रश्न मराठीत करून दे. तासाभराचं काम आहे."

त्या तासाभराचे पुढे तीन आठवडे झाले. आणि अजूनही ते काम संपलं असं मला वाटत नाही.

प्रश्नावली खाण्याच्या विकारांविषयी होती. काही मुली, आणि कमी प्रमाणात मुलगेही, जेवण हळूहळू तोडतात आणि हाडांचा सापळा होईपर्यंत थांबत नाहीत. काहीजण बकाबका खातात आणि मग घशात बोट घालून ओकून टाकतात. हे नखरे नव्हेत, आजार आहेत, आणि मानसिक आजारांमध्ये जिवावर उठणाऱ्यांत त्यांची गणना होते. शाळा-कॉलेजात शेकडो मुलींमधून अशा कोणाला मदतीची गरज आहे हे डॉक्टर एकेकीला भेटून शोधू शकत नाही. म्हणून आधी एक चाळणी लावतात. प्रश्नांचा कागद द्यायचा, उत्तरांना गुण द्यायचे आणि ठरावीक आकड्याच्या वर गेलेल्यांना मुलाखतीला बोलवायचं. चाळणी म्हणजे निदान नव्हे, हे भाचीने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

या आजाराला वैद्यकात नाव मिळालं ते १८७३ साली. पॅरिसमध्ये शार्ल लासेग आणि लंडनमध्ये सर विल्यम गल या दोन डॉक्टरांनी एकमेकांच्या आगेमागेच त्याची वर्णनं केली. 'अनोरेक्सिया नर्व्होझा' हे आज रूढ असलेलं नाव गलचं. गंमत म्हणजे 'अनोरेक्सिया' या शब्दाचा अर्थ 'भूक नसणे' असा आहे आणि पुढच्या काळातले डॉक्टर सांगू लागले की या मुलींना भूक असते, त्या ती मारतात. कशासाठी? तर जाड होण्याच्या भीतीने. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही भीती म्हणजेच या आजाराचं हृदय असं ठरून गेलं.

भाचीने आणलेली प्रश्नावली याच काळातली. १९७९ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये डेव्हिड गार्नर आणि पॉल गारफिंकल यांनी चाळीस प्रश्नांची चाचणी बनवली. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'ईट' होतं, म्हणजे 'खा'! १९८२ साली तिची सव्वीस प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. उत्तर 'नेहमी' असेल तर तीन गुण, 'बहुतेक वेळा'ला दोन, 'पुष्कळदा'ला एक, बाकीच्यांना शून्य. बेरीज वीस किंवा वर गेली की धोक्याचा कंदील. पुढे जगभर या चाचणीची भाषांतरं झाली.

मूळ चाळीस प्रश्न वाचताना मला हसू आवरेना. त्यात एक प्रश्न होता मांस खायला आवडतं का, असा. 'नाही' म्हटलं की गुण वाढतात. म्हणजे आमच्याकडची शिवराक घरातली मुलगी पहिल्याच फटक्यात संशयित! दुसरा प्रश्न, दुसऱ्यांसाठी रांधता पण स्वतः ते खात नाही, असं होतं का? हरतालिकेच्या दिवशी घरभरच्या पुरुषांना वाढणाऱ्या आमच्या बायकांनी काय उत्तर द्यायचं? हे दोन्ही प्रश्न १९८२ च्या आवृत्तीत गळले, पण ते आपला विचार करून नव्हे. आकडेशास्त्राच्या गाळणीत ते जास्तीचे ठरले, एवढंच.

बाकीच्या सव्वीसांचं भाषांतर करताना एका संध्याकाळी मी एक उद्योग केला. माझी आई आज नाही, पण तिच्या वतीने मी कागद भरला. आईला मधुमेह होता. साखर टाळता का? नेहमी. भातासारखे पदार्थ टाळता का? नेहमी. पथ्याचं खाता का? नेहमी. जेवणावर ताबा ठेवता का? नेहमी. आता पुढचा प्रश्न, अन्नाच्या विचारात जास्त वेळ जातो का? अहो, नऊ माणसांचं घर, सकाळची पेज झाली की दुपारच्या हुमणाचा विचार, तो झाला की रात्रीचा. नेहमी! घास बारीक करून खाता का? दात नव्हते, नेहमी. सात प्रश्नांतच, डॉक्टरांनी दिलेला तक्ता धरून, बेरीज एकवीस झाली. माझी आई शहाऐंशी वर्षं जगली आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत तिला माशाचा वास आला की चेहरा खुलायचा. टोरांटोच्या कंदिलाने तिला लाल दिवा दाखवला असता.

मला वाटलं, ही माझ्याच घरची विनोदी गोष्ट. पण भाचीने पुढच्या खेपेला जे निबंध आणले त्यांत नेमकं हेच निघालं. १९८९ साली मायकल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या एका गावात पाचशेहून अधिक शाळकरी मुलींवर ही सव्वीस प्रश्नांची चाचणी करून पाहिली. चौथ्या हिश्श्याहून जास्त मुली रेषेच्या वर गेल्या. गाव एवढं आजारी होतं का? तर नाही. काही ठरावीक प्रश्नांची उत्तरं पाहिली तेव्हा लक्षात आलं की मुलींनी ते प्रश्न आपल्या घरच्या रीतीप्रमाणे आणि उपासतापासांप्रमाणे वाचले होते. ताबा ठेवणे हा तिथे संस्कार होता, लक्षण नव्हे. त्या निबंधाच्या शीर्षकातच 'धडे' असा शब्द आहे, आणि तो मला फार प्रामाणिक वाटला.

त्याहून काळजाला भिडला तो दक्षिण आफ्रिकेतला अनुभव. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय मुलामुलींचे गुण चढे येत होते. डॅनियल ल ग्रांज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर न थांबता त्या मुलांशी बोलून पाहिलं आणि २००४ साली ते प्रसिद्ध केलं. सतत अन्नाचाच विचार मनात येतो का, याला मुलं 'हो' म्हणत होती, कारण घरात अन्न नव्हतं. भुकेल्याला विचारलेला प्रश्न आणि भूक मारणाऱ्याला विचारलेला प्रश्न कागदावर अक्षरशः एकच होता.

इथवर आलं की आपल्याला एक सोपं उत्तर सुचतं. 'हे सगळे गोऱ्यांचे आजार, आपल्याकडे कुठे असतं असलं काही? आपल्या चालीरीती त्यांना कळत नाहीत, झालं.' माझंही मन तिथेच थांबायला निघालं होतं. तेव्हा मला आत्या आठवली.

माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आजी गेली त्या वर्षी आत्याने एकादशी धरली. मग सोमवार आला, मग संकष्टी. चातुर्मासात एकभुक्त राहू लागली आणि चातुर्मास संपला तरी एकभुक्तच राहिली. पुढे मीठ सोडलं. मग भात सोडला आणि पेजेच्या निवळीवर आली. कोणी आग्रह केला तर म्हणायची, "पोट भरलेलंच आहे गे, घशाखाली उतरत नाही." शेजारच्या बायका सणावाराला येऊन तिच्या पाया पडत. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या, तिकडे बघून त्या म्हणत, "तपश्चर्या!" एकदा डॉक्टर आले, टॉनिकची बाटली देऊन गेले. १९७४ साली आत्या गेली. ती चौतीस वर्षांची होती, मी अकरा. घरात सांगितलं गेलं, अशक्तपणाने गेली.

आईचा कागद भरला तसा मी आत्याचाही भरला. जाड होण्याची भीती वाटते का? कधीच नाही. बारीक व्हावंसं सतत वाटतं का? नाही. खाल्ल्यावर ओकता का, उष्मांक मोजता का, डाएट करता का? नाही, नाही, नाही. पोट रिकामं असलेलं बरं वाटतं? नेहमी. लोक खायचा आग्रह करतात? नेहमी. आपण जास्त खावं असं त्यांना वाटतं? आपण फार बारीक आहोत असं त्यांना वाटतं? नेहमी, नेहमी. चार प्रश्नांचे बारा गुण. वीसच्या खूप खाली. ठणठणीत जगलेली आई आजारी ठरली आणि आत्या पास झाली.

मी डॉक्टर नाही. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या बाईला आजाराचं नाव चिकटवायचा मला अधिकार नाही. तिच्या पोटात दुसरंच काही दुखणं असेल. पण तिच्यासारखं बोलणाऱ्या मुली जगात दुसरीकडेही होत्या हे मला या कागदांमुळे कळलं. हाँगकाँगमध्ये सिंग ली नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९९३ साली सत्तर चिनी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे उपाशी राहून खंगलेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी जाडीच्या भीतीचं नावही काढलं नाही. पोट फुगतं, भूकच नाही, खावंसं वाटत नाही, हेच त्यांचं म्हणणं. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी १९९५ साली पाच तरुण मुलींची हकिगत लिहिली, तीही तशीच: खायला नकार, उलट्या, खूप उतरलेलं वजन, बंद झालेली पाळी, पण आपण जाड आहोत असा भ्रम नाही. आणि १९९८ साली सिंग ली यांनी अशीच दुसरी एक पाश्चात्त्य प्रश्नावली हाँगकाँगच्या रुग्णांना दिली, तेव्हा जाडीची भीती नसलेल्या रुग्णांचे गुण बारीक होण्याच्या ओढीच्या प्रश्नांत कमी भरले. माणूस डोळ्यांसमोर झिजतो आहे आणि कागद म्हणतो आहे, काळजी नको.

देवाच्या नावाने अन्न सोडणाऱ्या बायकांबद्दल युरोपातही वाद झाला आहे. चौदाव्या शतकातली सिएनाची संत कॅथरिन तेहतिसाव्या वर्षी गेली, जवळजवळ काहीही न खाता. (आमच्या जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल जिच्या नावाचं आहे ती अलेक्झांड्रियाची कॅथरिन, ही निराळी.) रुडॉल्फ बेल या इतिहासकाराने १९८५ साली अशा संत स्त्रियांवर पुस्तक लिहून त्यांच्या उपवासाची आजच्या अनोरेक्सियाशी तुलना केली. दोनच वर्षांनी कॅरोलिन वॉकर बायनम यांनी आपल्या पुस्तकात दाखवलं की त्या काळातल्या बायकांसाठी अन्न आणि उपवास यांचा अर्थ त्यांच्या श्रद्धेच्या आतूनच शोधायला हवा. मला दोघांचंही पटतं. अर्थ श्रद्धेचा असतो, पण शरीर शरीरासारखंच संपतं.

आता भाषांतराकडे परत येते. आपल्याला वाटतं, शब्दाला शब्द ठेवला की झालं. १९९९ साली लंडनमध्ये जॉन मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी पाचच प्रश्नांची एक सुटसुटीत चाचणी काढली, तिचं नाव 'स्कॉफ'. ब्रिटिश बोलीत या शब्दाचा एक अर्थ हावरटासारखं खाणं असाही आहे. पाचांपैकी दोन 'हो' आले की पुढे चौकशी. त्यातला एक प्रश्न आहे तीन महिन्यांत एक 'स्टोन'हून अधिक वजन उतरलं का, असा. हा ब्रिटिशांचा स्टोन म्हणजे चौदा पौंड, सुमारे ६.३५ किलो. बाहेर कुठे नेलं की तो बदलावाच लागतो. पहिल्या प्रश्नातला 'सिक' हा शब्द ब्रिटनमध्ये ओकारीसाठी वापरतात, पण अमेरिकनाला त्यातून आधी आजारपण कळतं. इंग्रजीतून इंग्रजीत नेतानाही भाषांतर लागतं, तर मराठी, कोंकणीची काय कथा!

शास्त्रात यावर एक जुना उपाय आहे. एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट मूळ भाषेत आणायचं आणि दोन्ही ताडून पाहायचं. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली ही पद्धत नीट मांडली. आम्हीही ती केली. मी 'खाल्ल्यावर अपराधी वाटतं' असं लिहिलं, भाचीच्या मैत्रिणीने त्याचं चोख इंग्रजी केलं, शब्दाला शब्द जुळला. पण आमच्या शेजारणीला तोच प्रश्न वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "वाटतं तर! सोमवारी चुकून नुस्त्याचा हात भाताला लागला की वाटतंच." भाषांतर बरोबर होतं, प्रश्न मात्र दुसऱ्याच गावाला गेला होता.

मग करायचं काय? यातला सगळ्यांत धीराचा प्रयत्न मला फिजीतला वाटतो. ॲन बेकर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ तिथे वर्षानुवर्षं काम करत होत्या. धष्टपुष्ट अंग हे तिथे घरच्यांच्या प्रेमाचं लक्षण. १९९५ साली नाद्रोगा भागात टीव्ही आला. बेकर यांनी तेव्हा आणि १९९८ साली शाळकरी मुलींना तीच सव्वीस प्रश्नांची चाचणी दिली, सोबत मुलाखतीही घेतल्या. वीसच्या वर जाणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी ओकारी काढणारी १९९५ साली एकही नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. म्हणजे 'आपल्याकडे असलं नसतं' हे वाक्य तीन वर्षंसुद्धा टिकलं नाही.

पण बेकर तिथे थांबल्या नाहीत. फिजीत पोट साफ करायला झाडपाल्याची औषधं घ्यायची जुनी रीत आहे. जुलाबाच्या गोळ्यांबद्दल विचारणाऱ्या परदेशी प्रश्नावलीत ती बसत नव्हती. म्हणून स्थानिक भाषेतल्या आवृत्तीबरोबर तिचीही वेगळी विचारणा केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मुलींचा असा एक गट वेगळा दिसला, ज्यांची वाट ओकारीची नव्हती, या झाडपाल्याच्या जुलाबांची होती. रीत जुनी, पण तिच्या आडोशाला त्रास नवा. आपल्या लहानपणी महिन्यातून एकदा एरंडेल पाजायचे ते आठवतं ना? आपल्याकडेही 'जुलाब घेता का' या प्रश्नाचं नुसतं 'हो' निरुपयोगी आहे. कशासाठी, कितीदा आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे विचारायला हवं.

दुसरी वाट म्हणजे इथल्याच माणसांच्या तक्रारींवरून इथली प्रश्नावली बांधायची. दक्षिण भारतात श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी २१० वैद्यकीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. १४.८ टक्क्यांना खाण्यावरून खरा मनस्ताप होता, पण तो पुस्तकातल्या व्याख्येत बसत नव्हता. त्याला त्यांनी 'खाण्याचा मनस्ताप' असं साधं नाव दिलं आणि १९९८ साली त्यावरून स्वतःची चाळणी मांडली. आणि या बाबतीत आपल्या गोव्याला कोणाकडे पाहायला नको. डॉ. विक्रम पटेल यांनी आधी झिंबाब्वेत शोना लोकांच्या बोलीतून मनाच्या दुखण्यांची प्रश्नावली उभी केली, पुढे गोव्यात 'संगात' संस्थेच्या कामात सहभागी झाले. नैराश्य, चिंता यांच्या पाच चाळण्या गोव्यातल्याच दवाखान्यांत घासून तपासून २००८ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. ते काम खाण्याच्या विकारांवर नव्हतं, पण रस्ता तोच आहे: आधी ऐका, मग विचारा, मग तपासा.

या सगळ्या कडेकडेच्या नोंदींनी शेवटी मधल्या पुस्तकालाही हलवलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची निदान-पुस्तिका २०१३ साली पाचव्यांदा नव्याने निघाली, तेव्हा अनोरेक्सियाच्या व्याख्येत जाडीच्या भीतीसोबत एक 'किंवा' आला. भीती बोलून दाखवली नाही, पण वजन वाढू नये असंच वागणं सतत चालू असेल, तरी चालेल. पाळी बंद असण्याची अटही गेली. एका 'किंवा'साठी हाँगकाँगच्या त्या सत्तर रुग्णांपासून वीस वर्षं लागली.

आमच्या कागदाचं काय झालं? मूळ सव्वीस प्रश्न भाचीने जसेच्या तसे ठेवले. ते बदलले तर बाहेरच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही, हे तिचं म्हणणं मला पटलं. पण खाली आम्ही वेगळे प्रश्न जोडले: मधुमेहाचं किंवा दुसरं पथ्य आहे का, घरात शिवराक खातात का, उपवास कोणते, आणि घरात पुरेसं खायला असतं का. कागद श्रावणात किंवा कोरेज्माच्या चाळीस दिवसांत वाटायचा नाही असंही ठरलं. आधी वीसेक मुलींशी नुसतं बोलायचं आणि त्या प्रश्नाचा अर्थ काय लावतात ते लिहून घ्यायचं. काम लांबलं म्हणून भाची थोडी बोलणीही खाऊन आली.

शेवटचा प्रश्न मात्र माझा. तो किती गुणांचा हे शास्त्राने ठरवावं. दशमीला आग्रहाने वाढलं, आजारी पडलीस, डॉक्टरांनी, भटजींनी, घरच्यांनी सगळ्यांनी सांगितलं की आज उपवास मोड, तर तुला तो मोडता येतो का?

माझी आई हसून म्हणाली असती, "न मोडायला काय झालं? देव काय पळून जातो?" आणि ताट ओढून घेतलं असतं.

आत्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. आम्ही सगळे तिच्या पाया पडत होतो.